पानाला रंग लावण्यापूर्वी

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर नवीन जालना. नवीन जालन्याच्या दाट वस्तीतही एखाद्या अंगणात पेरू, कुंपणाशी जास्वंद, देवळापाशी पिंपळ आढळतोच. सुटीच्या सकाळी मुलांना घेऊन गळलेली पाने वेचायला निघावे. पानांचे ठसे काढण्याचा हा खेळ बोटांना वळण आणि दृष्टीला सूक्ष्मता देतो.

कृती सोपी आहे. पान पुसून कोरडे करावे. शिरा उठून दिसणाऱ्या मागच्या बाजूस रंगाचा पातळ हात द्यावा, पान कागदावर पालथे ठेवून वर वर्तमानपत्र पसरावे आणि तळहाताने दाबावे. रंग दाट झाल्यास शिरा बुजतात. जालन्याची ओळख असलेल्या मोसंबीचे पान रंगवण्याआधी मुलांना उजेडासमोर धरायला सांगावे. त्यात दिसणारे बारीक पारदर्शक ठिपके म्हणजे सुगंधी तेलाच्या ग्रंथी होत.

मात्र प्रत्येक पान मुलांच्या हाती देण्याजोगे नसते. कण्हेर सर्वांगी विषारी आहे, रुईचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो आणि गाजरगवताने त्वचेला खाज सुटते. या तिन्ही वनस्पती मुलांना आधी दुरूनच ओळखायला शिकवाव्यात.

रंगाबाबत तर अधिकच दक्षता हवी. घराची दारे किंवा पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला ऑइलपेंटचा डबा अनेक घरांत माळ्यावर पडून असतो. तो या खेळासाठी मुळीच काढू नये. घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या डब्यात ते कितीतरी अधिक असू शकते. पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेते आणि त्याचा आघात वाढत्या मेंदूवर होतो. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

त्यापेक्षा रंग स्वयंपाकघरातच सिद्ध करावेत. मैद्याच्या पातळ खळीत घरी दळलेली हळद कालवली की पिवळा रंग होतो. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकताच तो लालसर होताना पाहून मुले हरखून जातात. बिटाच्या रसाचा गुलाबी आणि उकळलेल्या पळसफुलांचा केशरी रंगही असाच करता येतो.

शेवटी साबणाने हात धुवावेत आणि प्रत्येक ठशाखाली झाडाचे नाव व तारीख मुलांनीच लिहावी. वर्षअखेरीस आपल्या घरी परिसरातील झाडांची एक वही तयार झालेली असेल.