काळ्या मोहऱ्यांची आडवाट : बुडापेस्ट गँबिट

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची असते. काळ्याच्या वाट्याला उत्तर देणे येते. शालेय स्पर्धेत समोरचा खेळाडू शिकवणी लावून, डावांच्या सुरुवाती पाठ करून आलेला असला, तर वसतिगृहातील एका पटावर पाळीपाळीने सराव केलेल्या विद्यार्थ्याला हे अंतर अधिकच मोठे भासते. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याला पाठांतराबाहेर नेणारी एखादी अनवट सुरुवात शिकावी, असे मनात येणे स्वाभाविक आहे. हा विचार कितपत फलदायी ठरेल, ते ती सुरुवात आपण कशी शिकतो यावर अवलंबून असते. बुडापेस्ट गँबिट हे त्याचे बोलके उदाहरण होय.

पांढरा वजिरापुढचे प्यादे डी४ वर आणतो. काळा घोडा एफ६ वर काढतो. पांढरा आणखी एक प्यादे सी४ वर नेतो आणि येथे काळा आपले प्यादे ई५ वर चक्क माऱ्यात ठेवतो. पांढरा ते मारतो. काळ्याचा घोडा जी४ वर उडी घेऊन ई५ वर आलेल्या त्या प्याद्यावर रोख धरतो. गँबिट म्हणजे मोहऱ्यांना वेग व मोकळी वाट मिळावी म्हणून देऊ केलेले प्यादे.

या पद्धतीचा पहिला नोंदलेला डाव १८९६ मध्ये बुडापेस्ट शहरात खेळला गेला. पुढे हंगेरीच्या खेळाडूंनी ती घडवली. १९१८ मध्ये बर्लिन येथे मिलान विदमार यांनी काळ्या मोहऱ्यांनी आकिबा रुबिनस्टाइन यांच्यासारख्या श्रेष्ठ खेळाडूला याच मार्गाने अवघ्या २४ चालींत हरवले आणि ही आडवाट जगाच्या नजरेस आली.

तिच्यातील एक सापळा प्रसिद्ध आहे. पांढरा मिळालेले प्यादे राखण्यासाठी उंट एफ४ वर आणतो. काळा दुसरा घोडा सी६ वर काढतो. पांढऱ्याचा घोडा एफ३ वर येतो. काळा बी४ वरून उंटाचा शह देतो. पांढरा दुसरा घोडा डी२ वर मध्ये घालतो. काळा वजीर ई७ वर नेतो. आता पांढरा ए३ ही चाल करून उंटाला हुसकावू पाहतो. काळा उंटाकडे लक्षच देत नाही. जी४ वरच्या घोड्याने तो ई५ वरचे प्यादे मारतो. पांढऱ्याने हावरेपणाने उंट मारला, की तोच घोडा डी३ वर जातो आणि मात होते! घोड्याला मारू शकणारे ई२ चे प्यादे हलू शकत नाही, कारण ते हलल्यास ई७ वरच्या वजिराचा शह उघडतो. आणि राजाभोवतीची सारी घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडवलेली असतात.

विद्यार्थी मित्रहो, हा सापळा आनंद देतो. पण एका खेळाडूविरुद्ध तो बहुधा एकदाच चालतो. सावध प्रतिस्पर्धी उंटाला हात न लावता ई५ वरचा घोडा मारतो. मग काळ्याला प्यादे परत मिळालेले असते. पण उंट देऊन घोडा घ्यावा लागल्याने पांढऱ्याकडे दोन्ही उंट उरतात व त्याची स्थिती किंचित सरस होते. केवळ सापळा पाठ केलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. ज्याला हेतू उमगला आहे, तो शांतपणे पुढे खेळतो. पांढऱ्याने उंटाऐवजी घोडा एफ३ वर काढला, तर काळ्याचा उंट सी५ वरून एफ२ या नाजूक घरावर नजर ठेवतो. पुढे ए५ अशी प्याद्याची चाल करून ए६ मार्गे हत्ती एच६ पर्यंत नेता येतो व राजावर हल्ला चढवता येतो. हे समजलेल्याला चाली नव्याने शोधता येतात.

मर्यादाही ध्यानात ठेवावी. पांढऱ्याने दुसऱ्या चालीत सी४ ऐवजी घोडा एफ३ वर आणला, तर ई५ ला प्यादे देणे म्हणजे ते फुकट घालवणे होय. पांढऱ्याने ई४ ने सुरुवात केली, तर ही वाट उघडतच नाही. म्हणून एक अनवट शस्त्र जवळ असले, तरी नेहमीच्या सुरुवातींचा अभ्यास सुटत नाही.

नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांनी एप्रिल २०२४ मध्ये टोरांटो येथील कँडिडेट्स स्पर्धेत हिकारू नाकामुरा यांना काळ्या मोहऱ्यांनी हरवले. सुरुवात रुळलेल्या बर्लिन बचावाची होती. अनपेक्षित होते ते एच३ वर केलेले उंटाचे बलिदान. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, योगायोगाने बुडापेस्ट शहरातच, ऑलिंपियाडचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. नावीन्य परिचित वाटेवरही सापडते. त्यामागे तयारी मात्र हवी, हे त्या डावातून दिसते.

सरावासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक पट, एक वही आणि एक सोबती पुरे. आळीपाळीने दोन्ही बाजूंनी खेळावे. प्रत्येक चालीपुढे ‘ही का?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. ते लिहिता आले नाही, तर ती चाल अजून आपली झाली नाही असे समजावे. हरलेला डाव त्याच संध्याकाळी पुन्हा मांडावा. पाठ केलेली चाल प्रतिस्पर्ध्याने वाट बदलताच संपते. समजून घेतलेली चाल तेथून पुढेही आपल्याला सोबत करते.