पॉम्पेईची राख आणि मणक्याचा टीबी

इटलीतल्या पॉम्पेईत, एका कारागिराच्या घरातल्या जेवणाच्या खोलीत दोन सांगाडे सापडले होते. एक पस्तीस-चाळिशीतल्या पुरुषाचा, दुसरा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीचा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा पहिले काही तास आकाशातून मुख्यतः हलके, सच्छिद्र दगड पडत होते. ज्यांना चालता येत होतं त्यांतले बरेच जण निसटले. मग ही दोघं घरातच का राहिली?

२०२२ मध्ये त्या पुरुषाच्या कवटीच्या हाडातून संपूर्ण जनुकीय आराखडा वाचण्यात शास्त्रज्ञांना यश आलं. पॉम्पेईतल्या माणसाच्या बाबतीत हे प्रथमच घडत होतं. त्याच्या मणक्यात रोगाच्या खुणा होत्या आणि नमुन्यात क्षयाच्या जंतूंच्या डीएनएचे अंशही मिळाले. म्हणजे बहुधा मणक्याचा टीबी. आपल्याकडे आजही ‘साधी पाठदुखी’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढला जातो तोच. स्त्रीच्या सांध्यांची झीज झालेली होती. दोघांनाही पळणं शक्यच झालं नसावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. खात्री कोण देणार? पण अंदाज पटण्यासारखा आहे.

पॉम्पेई लाव्ह्याखाली गाडलं गेलं, असा आपला समज असतो. सह्याद्रीचा काळा पाषाण थिजलेल्या लाव्ह्याचा, त्यामुळे आपल्याला तेच चित्र सुचतं. इथे मात्र घात केला तो तापलेली राख आणि वायू यांच्या, जमिनीलगत प्रचंड वेगाने धावत आलेल्या लोटांनी. त्यांच्यापुढे धावून उपयोग नव्हता.

ती राख देहांभोवती घट्ट बसली. देह कुजले, आकाराच्या पोकळ्या उरल्या. उत्खनन १७४८ मध्ये सुरू झालं. गंमत म्हणजे हे शहर पॉम्पेईच, हे ठरायला १७६३ उजाडलं. पुढे १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेल्ली यांनी पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतलं आणि शेवटच्या क्षणातली माणसं जशीच्या तशी समोर आली. बघणाऱ्यांनी त्यांना कहाण्याही चिकटवल्या. हातात सोन्याचं कडं, जवळ लहान मूल; म्हणजे आईच, हे सगळ्यांनी धरून चाललं. २०२४ मध्ये प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांचा डीएनए तपासला. कडंवाली व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. दागिना आणि मूल दिसलं की बाई, हा आपला हिशेब, राखेचा नव्हे.

शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये समुद्रकाठच्या नावांच्या कोठारांत सुमारे तीनशे जण दाटीवाटीने थांबले आणि तिथेच मेले. त्यांतल्या १७ जणांच्या हाडांतल्या प्रथिनांचा २०२१ मध्ये अभ्यास झाला. पुरुषांना स्त्रियांपेक्षा सुमारे दीडपट प्रथिनं माशांतून मिळत होती. एकाच गावात, एकाच किनाऱ्यावर राहूनही ताट मात्र वेगळं होतं. हे वाचून आपल्याकडच्या किती जणींना नवल वाटेल, शंकाच आहे.

व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये झाला. ज्वालामुखी अजून जिवंत आहे आणि त्याच्या ‘लाल पट्ट्या’त आज सुमारे सात लाख लोक राहतात. धोक्याचा अंतिम इशारा मिळाल्यावर ७२ तासांत हा पट्टा रिकामा करायचा, अशी सरकारी योजना आहे. रुग्णालयं आणि शुश्रूषागृहं मात्र त्याच्याही आधीच्या टप्प्यात हलवायची आहेत.