१२७ दात्यांचे चाक नसेल तर

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या अणदूरसारख्या गावात वर्कशॉप काढणारा तरुण नवा लेथ क्वचितच घेतो. जुना मिळतो, पण त्याच्याबरोबरचे सामान पांगलेले असते. चकची किल्ली दुसऱ्याच चकची निघते. किल्ली घडवता येते हो! पण चेंज गिअरच्या संचातून १२७ दात्यांचे चाक गेले असेल, तर जाणकार मान हलवतात : यावर मिलिमीटरचे आटे पडणार नाहीत. हे खरे का?

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, पण चालू लेथ काही कोणी मोडीत काढले नाहीत. अशा लेथचा लीड स्क्रू इंची असतो. समजा, इंचाला चार आटे. त्याच्या एका फेऱ्यात हत्यार ६.३५ मिमी सरकते. १० मिमी बोल्टाच्या दोन आट्यांतले अंतर १.५ मिमी. म्हणजे जॉबचा एक फेरा होईतो लीड स्क्रू १.५ ÷ ६.३५, अर्थात ३०/१२७ फेरा फिरायला हवा. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ × ५ = १२७. ही मूळ संख्या. लहान चाकांच्या गुणाकारातून ती मिळत नाही.

ते चाक नवे करावे तर २ मॉड्यूलच्या दात्यांना व्यास २५ सेंमीवर जातो, आणि डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या चकत्यांवर १२७ भोकांचे वर्तुळ नसते.

आता एक गुणाकार करून पाहा. १२७ × ६३ = ८००१. म्हणून १/१२७ च्या जागी ६३/८००० घेतले, तर चूक आठ हजारांत एक! मग ३०/१२७ चे होते (३० × ६३)/८०००, म्हणजेच (२१/८०) × (९०/१००). पाचपाचने वाढणाऱ्या संचात ८०, ९०, १०० दात्यांची चाके असतात. हवे फक्त २१ चे. २१ भोकांचे वर्तुळ चकतीवर सहसा सापडते. ४० ला १ च्या हेडवर दर दात्याला हँडल एक फेरा आणि १९ भोके पुढे न्यायचे.

आट्यांतले अंतर येते १.५००१८७५ मिमी. १०० मिमी लांबीत चूक ०.०१२५ मिमी, जुन्या लीड स्क्रूची झीज बहुधा याहून जास्त असते.

भंगारातही २१ चे चाक मिळेल, पण दाते मोजून भागत नाही. बाहेरचा व्यास मिमीत मोजून २३ ने भागा (दाते अधिक दोन); येणारा मॉड्यूल आपल्या संचाशी जुळला पाहिजे. दात्याचा कोनही पाहावा. भोक मोठे असले तर बुश घालता येते.

विद्यार्थ्यांना विचारा : ९० च्या जागी ६० किंवा १२० चे चाक लावले, तर कोणता आटा पडेल? टर्नरला मात्र एवढे सांगा, की आटा पुरा होईतो हाफ नट उघडू नये. हत्यार मागे घेऊन लेथ उलटा फिरवावा, नाहीतर पुढचा काप आधीच्या खाचेत बसणार नाही.