सर्व्हरचा सातबारा

अलिबागजवळच्या चौलच्या घरी बसून मी जे सर्व्हर सांभाळते, ते मी डोळ्यांनी कधी पाहिलेले नाहीत. ते मुंबईत आहेत. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली तिथे आपलं क्लाउड सुरू केलं. क्लाउड म्हणजे भाड्याने मिळणारे संगणक. ते वेबसाइटवर बटणं दाबून घेता येतात, किंवा काय हवं ते फाइलमध्ये लिहून ती एखाद्या प्रोग्रॅमच्या हवाली करता येते. मी फाइलवाली.

३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला आदळलं. वाड्यांतल्या पोफळी, माड आडवे झाले, विजेचे खांबही. कितीतरी दिवस ना वीज, ना रेंज. नेमका तेव्हाच सर्व्हर वाढवावा लागला. पुण्याच्या सहकाऱ्याने आमची फाइल उघडली, एक आकडा बदलला, काम झालं. बटणांनी उभारलेलं असतं तर कुठलं बटण का दाबलं, हे फक्त माझ्या डोक्यात असतं. आणि माझा फोन तर लागतच नव्हता!

फाइल वाचून सर्व्हर उभारायला आम्ही टेराफॉर्म हा प्रोग्रॅम वापरतो. हॅशिकॉर्प कंपनीने ते २०१४ साली आणलं. (२०२३ मध्ये कंपनीने परवाना बदलला, तेव्हा काहींनी ओपनटोफू नावाची वेगळी चूल मांडली. नवशिक्याला दोन्ही चालतील.) फाइलमध्ये लिहायचं: मुंबईत, अमुक आकाराचा एक सर्व्हर, पोर्ट ४४३ (वेबसाइटचं दार) उघडा. मग 'प्लॅन' ही आज्ञा द्यायची. काय होणार ते आधीच दिसतं: अधिक म्हणजे नवं येणार, वजा म्हणजे असलेलं जाणार. दोन्ही चिन्हं एकत्र दिसली, तर जुनं पाडून नवं बांधलं जाणार. डेटाबेसपुढे ती जोडी दिसली की हातातला चहा खाली ठेवावा. सगळं पटलं तरच 'अप्लाय'.

टेराफॉर्म स्वतःची एक नोंदही ठेवतं, स्टेट फाइल. तिला सर्व्हरचा सातबारा समजा. कुणी परस्पर वेबसाइटवर जाऊन बांध सरकवला, तर पुढच्या प्लॅनमध्ये तफावत उघडी पडते. या फाइलमध्ये पासवर्ड उघडे असू शकतात, म्हणून ती कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या सामायिक वहीत) टाकू नये.

फाइल असली की सगळं वाचलं, असंही नाही. हैदराबादला अ‍ॅमेझॉनचं दुसरं केंद्र २०२२ साली आलं, पण मुंबईतलं सगळं तिथे हलवायला फाइलमधलं गावाचं नाव बदलून भागत नाही. सर्व्हर ज्या मूळ प्रतीवरून बनतो तिचा क्रमांक प्रत्येक केंद्रात वेगळा, आणि ग्राहकांचा डेटा फाइलमध्ये नसतोच. त्याचा बॅकअप स्वतंत्र घ्यावा लागतो.

शिकायला लगेच क्रेडिट कार्ड काढू नका. टेराफॉर्मचा 'लोकल' नावाचा प्रोव्हायडर (जोडणीचा भाग) तुमच्याच लॅपटॉपवर साधी फाइल बनवून देतो. प्लॅन, अप्लाय, स्टेट हे सगळं त्यावर कळतं, पैसाही लागत नाही. पुढे क्लाउडवर गेलात, की सराव संपताच 'डिस्ट्रॉय' द्या. सर्व्हर रिकामा बसला तरी त्याचं भाडं चालूच असतं.