जीपने तोरणमाळला

उन्हाळ्यात आपला खानदेश चांगलाच तापतो. मे महिन्यात अमळनेरला दुपारी घराबाहेर पडणे कठीण होते. अशा वेळी लोकांना महाबळेश्वर किंवा माथेरान आठवते. परंतु थंड हवेचे एक सुंदर ठिकाण आपल्या जवळच्या नंदुरबार जिल्ह्यातही आहे. त्याचे नाव तोरणमाळ.

तोरणमाळ सातपुडा पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर वसले आहे. जसजसे उंच जावे, तसतशी हवा विरळ व थंड होत जाते. दर १००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६ अंशांनी उतरते. तापीच्या खोऱ्यात अंगाची लाही होत असताना तोरणमाळला हवा सुखद वाटते, याचे कारण हेच.

तेथे जायचे कसे? अमळनेरहून रेल्वेने दोंडाईचा किंवा नंदुरबार गाठता येते. पण रेल्वे सातपुड्यावर चढत नाही. एस.टी.च्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असे नाही. म्हणून दोन-तीन कुटुंबे मिळून जीप भाड्याने घेतात. दोंडाईचाहून निघून सारंगखेड्याजवळ तापी नदी ओलांडली की शहादा लागते. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने तोरणमाळ सुमारे ५० ते ५५ किलोमीटर आहे.

जीप ठरवताना आधी तिची नंबरपट्टी पाहावी. पिवळ्या पट्टीवर काळी अक्षरे असली, तर ते वाहन भाड्याने चालवण्याचा परवाना असलेले असते. पांढरी पट्टी खाजगी वाहनाची असते. असे वाहन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणे अवघड होते. भाडे किलोमीटरवर की ठरावीक रकमेवर, डिझेल कोणाचे, मुक्काम झाला तर चालकाच्या जेवणाची व झोपण्याची सोय कोण करणार, हे सारे आधीच बोलून घ्यावे. मग वाटेत वाद होत नाही.

राणीपूर सोडल्यावर घाट सुरू होतो. मराठीत ‘घाट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नदीकाठच्या पायऱ्यांना घाट म्हणतात आणि डोंगरातील वळणावळणाच्या रस्त्यालाही घाट म्हणतात. तोरणमाळच्या घाटाला ‘सात पायरी घाट’ असे नाव आहे. रस्ता सरळ वर नेला, तर चढ इतका उभा होईल की वाहन चढणारच नाही. म्हणून रस्त्याला वळणे देतात. अंतर वाढते, पण चढ सौम्य होतो.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक धोक्याचे असते. उतारावर सतत ब्रेक दाबला, तर तो घर्षणाने तापतो आणि त्याची पकड कमी होते. म्हणून चांगला चालक खालच्या गिअरमध्ये गाडी उतरवतो. मग इंजिनच गाडीला आवरून धरते. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणे म्हणजे जिवाशी खेळ होय. वळणावर हॉर्न वाजवावा आणि चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी. आसनांपेक्षा जास्त माणसे तर कधीच बसवू नयेत. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांना नेणारे वाहन दरीत कोसळले आणि कित्येक घरांतील कमावती माणसे गेली. ‘चाचा, जरा सावकाश चालवा,’ असे चालकाला म्हणण्यात लहानांनीही संकोच करू नये.

वर पोहोचल्यावर यशवंत तलाव, कमळ तलाव आणि सीताखाई पाहावी. पावसाळ्यात सीताखाईच्या दरीत धबधबा कोसळतो. गोरक्षनाथाच्या मंदिरात महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते.

तलावावर जीप एका जागी उभी करून पायी फिरावे. इटली देशात टेकड्यांवर सान जिमिन्यानोसारखी जुनी, चिमुकली गावे आहेत. तेथे पाहुण्यांना मोटारी तटाबाहेर ठेवाव्या लागतात, कारण आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. आपल्या माथेरानलाही प्रवाशांच्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. माथेरानची छोटी रेल्वे १९०७ साली आदमजी पीरभाई यांच्या कुटुंबाने सुरू केली. लहान गावाला गर्दी आणि धूर सोसत नाही, हे या गावांनी ओळखले आहे.

तोरणमाळच्या परिसरात मुख्यतः पावरा व भिल्ल लोक राहतात. अनेकांच्या घरी पावरी किंवा भिलोरी बोलतात. तेथील मुले मराठी शाळेत शिकतात, जशी तुम्ही घरी उर्दू बोलून शाळेत मराठी शिकता. त्यांची बोली तुम्हांला येत नाही व तुमची त्यांना येत नाही. पण मराठीत दोघांनाही बोलता येते. म्हणून कोणाचा फोटो काढण्यापूर्वी मराठीत परवानगी विचारा. रानात काय पिकते, पाणी कोठून आणतात, हेही विचारा. केवळ डोंगर पाहून परतणाऱ्याला निम्मेच तोरणमाळ दिसते. उरलेले निम्मे तेथील माणसांशी बोलल्यावर कळते.