नाकांतील वजन

गेल्या रविवारीं आमच्या डोणगांवच्या घरीं ओटीवर एक खोकें उघडलें. त्यांत 'मिग-२१' या जेट विमानाच्या प्रतिकृतीचे सुटे भाग होते. असलें खोकें घरांत येण्याची ही दुसरी खेप. पहिलीची कथा आमच्या मास्तरकीस भूषणावह नाहीं. तथापि वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों.

गतवर्षीं आमचा बारा वर्षांचा नातू असेंच एक विमान जुळवीत होता. सूचनापत्रिका पाहून तो म्हणाला, "आजोबा, नाकांत वजन घालायचं लिहिलंय." पोटाचे दोन्ही भाग नीट जुळत होते, आम्हीं चष्मा सांवरून निकाल दिला, "वजनाचं काय काम? चिकटव." त्यानें चिकटविलें. रंग वाळल्यावर विमान तीन चाकांवर ठेवलें, तों तें शेपटावरच बसलें! मुलगा कांहीं बोलला नाहीं. पण पुढें कित्येक महिने त्यानें विमानाचें नांव काढलें नाहीं. तीस वर्षें आम्ही मुलांस 'आधीं प्रश्न वाचा' म्हणून बजावीत आलों, आणि पत्रिका मात्र आम्हींच वाचली नव्हती.

म्हणून यंदां खोकें आम्हीं मागविलें. मिग १९६३ सालीं भारतीय हवाई दलांत आलें. त्याच्या निर्मितीसाठीं १९६४ सालीं नाशिकजवळ ओझर येथें कारखाना स्थापन झाला. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें त्यास निरोप देण्यांत आला. आपल्या प्रांताशीं असा संबंध असलेलें विमान घरांत असावें, असें वाटलें.

आरंभ त्रैराशिकानें झाला. प्रमाण ७२ स १. खऱ्या मिगच्या पंखांचा विस्तार सुमारें ७.१५ मीटर, म्हणजे प्रतिकृतींत १० सेंटिमीटरांहून किंचित् कमी. नातवानें मोजपट्टी लावली, उत्तर जुळलें.

पुढील क्रम त्यानेंच सांगितला. भाग पत्रिकेशीं पडताळावे. सांच्याचा तेलकटपणा जावा म्हणून साबणाच्या पाण्यानें धुवावे. चौकटीपासून हातानें न पिरगाळतां कटरनें सोडवावे. वैमानिकाची बैठक पोट बंद करण्यापूर्वींच रंगवावी, कारण नंतर तेथें कुंचला पोहोंचत नाहीं. गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधा धरतो. चुकलेला सांधा सहजीं उकलत नाहीं. त्याचा वासही उग्र, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

मिगच्या नाकाशीं हवा आंत घेण्याचें तोंड असून त्याच्या मधोमध एक शंकू असतो. खऱ्या विमानांत तो ध्वनीहून अधिक वेगांत आंत शिरणारी हवा आवरतो आणि पोटांत रडार बाळगतो. आमच्या शंकूंत सायकलच्या दुकानांतले छर्रे बसावयाचे आहेत. तीन चाकांपैकीं दोन मागें असतात. त्यांच्या मागील भार अधिक झाला कीं शेपूट खालीं जातें, एवढाच तो न्याय.

"किती छर्रे घालावे?" आम्हीं विचारलें.

"आधी सगळं चिकटपट्टीनं बांधून, चाकांच्या जागी तोलून पाहू." मग क्षणभर थांबून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पत्रिका मोठ्यानं वाचा, मी चिकटवतो."

आम्हीं चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास आरंभ केला.