यात्रेच्या शिदोरीबरोबर कागदांचीही शिदोरी बांधा



सुगी आटोपली, धान्य घरात येऊन पडले, की आपल्याकडे यात्रेचे बेत सुरू होतात. कुणी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघतो, कुणी तुळजापूर-पंढरपूर करतो, तर कुणी जन्मभर मनात धरलेली काशी यंदा करायचीच म्हणतो. घरातल्या बाया दोन दिवस आधी दशम्या, चटण्या करायला बसतात. गडीमाणसे गाडीची हवा, पाणी, डिझेल पाहतात. पण वाटेत कुणाच्या जिवावर बेतले तर काय करायचे, हे मात्र कुणी बोलत नाही. देवाला जाताना अशुभ कशाला बोलायचे, असे म्हणून तो विषय टाळला जातो.

मी शेतीखात्याचा माणूस. पेरणीआधी बियाण्याला औषध चोळा, हे सांगण्यात माझी उभी नोकरी गेली. रोग येणारच म्हणून आपण बीजप्रक्रिया करीत नाही. आलाच तर पीक हातचे जाऊ नये म्हणून करतो. प्रवासाच्या विम्याचेही तसेच आहे. ही अक्कल मला पुस्तकातून आली नाही, घरच्या दुःखातून आली. ती हकीगत आधी सांगतो.

आमच्या अप्पांची गोष्ट

२०१८ सालच्या हिवाळ्यात आमच्या भावकीतली वीसएक माणसे टेंपो करून सौंदत्तीला गेली. माझे चुलते, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, त्यांच्यात होते. वय चौसष्ट, पण अंगाने काटक. परतीच्या वाटेवर रात्री त्यांना डुलकी लागली. ते फाळक्याजवळ बसले होते. खड्ड्यात चाक आदळले आणि अप्पा खाली रस्त्यावर पडले. जवळच्या गावातल्या डॉक्टरला उठवले, त्याने नाडी पाहून मान हलवली.

रात्री अडीचला मला फोन आला. "दादा, आता काय करायचं?" माझ्या तोंडून निघाले, "आता राहिलंय काय? लवकर घरी घेऊन या." त्यांनी तसेच केले. सकाळी नऊच्या आत सगळे उरकले.

तेराव्यानंतर काकीने पासबुक पुढे ठेवले. अप्पांच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे बारा रुपये कापले जात होते, तेव्हा हप्ता तेवढाच होता. सातबाऱ्यावर नाव होते, म्हणून शेतकरी अपघात विमाही लागू होता. मी मोठ्या भरवशाने दोन्ही अर्ज भरले. दोन्हीकडून एकच मागणी आली : पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल आणा. आमच्याकडे त्यातले काहीच नव्हते. अपघात कुठल्या हद्दीत झाला, हेही कुणी नीट सांगू शकेना. दोन्ही अर्ज परत आले. नियमाने त्यांचे बरोबर होते. चूक आमची होती, आणि त्यातली मोठी माझी. ज्याने गावाला योजना समजावून सांगायच्या, त्यानेच "घरी घेऊन या" म्हटले होते.

काकीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या वर्षी तिने एक म्हैस विकून सोसायटीचे कर्ज भरले. म्हणून हा लेख.

आधी गाडी पाहा

मालवाहू टेंपो, पिकअप किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली माणसे नेण्यासाठी नसते. "गाडीचा फुल इन्शुरन्स आहे" असे मालक छातीठोकपणे सांगतो, पण तो विमा मालगाडीचा. त्यात हौसेने बसलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेला आहे. मग भरपाईचा बोजा गाडीमालकावर येतो, आणि तो बहुधा आपल्याच भावकीतला असतो. एका अपघातात दोन घरे बसतात.

तेव्हा शक्यतो एस.टी.ने जा. २०१६ पासून एस.टी.च्या तिकिटात अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया घेतला जातो आणि गाडीला अपघात होऊन मृत्यू आला तर वारसांना दहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. म्हणून प्रवास संपेपर्यंत तिकीट फेकू नका. खाजगी जीप किंवा बस ठरवली तर ती पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी आहे ना, विमा आणि फिटनेस चालू आहे ना, हे कागद हातात घेऊन पाहा. ड्रायव्हर रात्रभर जागून गाडी चालवणार असेल तर मुक्काम ठरवा.

रेल्वेचे तिकीट मोबाईलवरून किंवा एजंटाकडून इंटरनेटवर काढताना प्रवास विमा हवा का, असे विचारले जाते. माणशी पन्नास पैशांच्या आत हप्ता असतो. रेल्वे अपघातात मृत्यू आल्यास १० लाख आणि जखमी होऊन दवाखान्यात राहावे लागल्यास २ लाखांपर्यंत खर्च मिळतो. एजंटाला "विम्याला हो म्हण" असे स्पष्ट सांगा. नंतर मोबाईलवर संदेश येतो, त्यातून वारसाचे नाव भरायचे असते. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही.

वीस रुपयांची राखण

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता २०२२ पासून वर्षाला २० रुपये आहे. बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही तो घेता येतो. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय गेल्यास २ लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेल्यास १ लाख. १ जून ते ३१ मे असे त्याचे वर्ष असते. मे अखेरीस खात्यात पैसे नसले तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तुटतो. यासाठी मे महिन्यात पासबुक भरून आणा आणि वीस रुपयांची नोंद डोळ्यांनी पाहा. घरातल्या बायांच्या खात्यातूनही हप्ता जाऊ द्या. अपघात बाई-माणूस पाहून येत नाही.

शेतकऱ्यासाठी २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिला हप्ता नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि नाव नसलेला घरातला एक माणूस, वय १० ते ७५, असे दोघे तिच्यात येतात. अपघाती मृत्यूला २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, तीस दिवसांच्या आत करावा. सरकारच्या दुसऱ्या खात्याकडून अपघाताची मदत घेतली असेल तर ही मिळत नाही, तेव्हा आधी चौकशी करून मगच अर्ज भरा.

आणखी एक गोष्ट. वारसाचे नाव तपासा. कित्येक खात्यांवर अजून वारलेल्या आईचे नाव तसेच आहे. मग पैसे मंजूर होऊनही वारस दाखल्यासाठी कोर्टाचे हेलपाटे घालावे लागतात. हे नाव बदलायला बँकेत अर्धा तास पुरतो.

आजारपण हा अपघात नव्हे

वर सांगितलेले विमे अपघाताचे आहेत. काशीला उतरल्यावर छातीत दुखू लागले, तर त्यातला एकही कामाला येणार नाही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंचावर आहे. तिथे आपल्या सपाटीवरच्या माणसाला दम लागतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय चारधामाला निघू नये.

आयुष्मान कार्ड असेल तर ते बरोबर घ्या. त्या योजनेतल्या दवाखान्यात परराज्यातही कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, मग उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून वेगळे वय वंदना कार्ड काढता येते. आजी-आजोबा यात्रेला निघणार असतील तर आधी ते कार्ड काढा, मग तिकीट काढा.

खाजगी कंपनीचा प्रवास विमा घ्यायचा असेल, विशेषतः लेकीकडे परदेशी जाताना, तर स्वस्त कोणता हे शेवटी विचारा. आधी हे विचारा :

१. हा फक्त अपघाताचा आहे की आजारपणाचाही?
२. आधीपासून असलेला रक्तदाब, साखर यांचा खर्च धरला आहे का?
३. वयाची अट काय आणि उंच डोंगरावरची यात्रा चालते का?
४. पहिली किती रक्कम आपल्या खिशातून भरायची?
५. दवाखान्यात परस्पर बिल भागते की आपण भरून नंतर मागायचे? कळवायचे किती तासांत?
६. आजारी माणसाला किंवा मृतदेहाला घरी आणण्याचा खर्च मिळतो का?

अर्जात आजार लपवू नका. एजंट म्हणेल, "लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता वाचतो, पण पुढे त्याच ओळीवर बोट ठेवून कंपनी दावा नाकारते. दावा चुकीने नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्याला फी नाही.

वेळ आलीच तर

रडायला नंतर जन्म पडला आहे, त्या घडीला पुढील कामे करा.

१०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पोलीस आणि इतर मदतीसाठी ११२, रेल्वेत १३९, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. मे २०२५ पासून रस्ता अपघातातील जखमीला नेमलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना आहे, तिची विचारणा करा. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूला पोलीस अडकवू शकत नाहीत, कायद्याने त्याला संरक्षण आहे. म्हणून दुसऱ्याच्या अपघातातही थांबा.

पोलिसांत नोंद केल्याशिवाय ती जागा सोडू नका. भाषा येत नसली तरी चालेल. हद्दीचा प्रश्न निघाला तर कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. गाडीचा नंबर, रस्ता, मैलाचा दगड लिहून ठेवा. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही, तरी २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळण्याची तरतूद आहे. पण तिथेही नोंद लागतेच.

माणूस गेलाच असेल तर शवविच्छेदन करून घ्या. मला माहीत आहे, हे सांगायला सोपे आहे. आपल्या माणसाच्या देहाला सुरी लागू नये, लवकर मातीत जावा, असे सगळ्यांनाच वाटते. पण त्या चार तासांच्या कागदावर मागे राहिलेल्या बाईचे आणि लेकरांचे पुढचे दिवस अवलंबून असतात.

निघण्याआधी एका वहीच्या पानावर प्रत्येकाचे नाव, वय, चालू गोळ्या, विमा कोणत्या बँकेत आणि घरच्या दोघांचे फोन लिहा. एक पान गाडीत, एक घरी. गोळ्या परतीच्या दिवसापेक्षा आठ दिवस जास्त घ्या. पैसे एकाच खिशात ठेवू नका. धारा कोण काढणार, कपाटाची किल्ली कुणाकडे, हेही सांगून निघा.

यंदाही आमच्या भावकीची मंडळी सौंदत्तीला निघाली. एस.टी.ची गाडी ठरवून आणली होती. काकी आता थकली आहे, ती गेली नाही. पण पहाटे गाडीच्या दाराशी काठी टेकून उभी राहिली, आणि चढणाऱ्या प्रत्येकाला विचारीत होती, "कागद घरी कुणाजवळ ठेवलाय रं?" कुणी हसले नाही. दोघेजण उत्तर न देता घराकडे वळले आणि पासबुक बायकोच्या हाती देऊन परत आले. गाडी दहा मिनिटे उशिरा सुटली.

तुमचीही गाडी दहा मिनिटे उशिरा सुटली तरी चालेल. देव वाट पाहतो.